क्रोनोग्राफ घ्यावा का? साठ हजार खर्च केल्यावर लिहितेय

रायफल स्वतःची झाली, जॅकेट-ट्राउझर अंगाला बसलं आणि स्कोअर एका आकड्यावर येऊन अडकला, की रेंजवर कुणीतरी क्रोनोग्राफचं, म्हणजे गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्राचं, नाव काढतंच. गेल्या दोन महिन्यांत तीन मुलांनी मला हेच विचारलं, "ताई, घेऊ का?" तिघांनाही तोंडी सांगितलं. पण यातलं गणित तोंडी सांगून पटत नाही, म्हणून लिहून काढतेय. मी १० मीटर एअर रायफल खेळते. जे सांगतेय ते त्यातलं आहे. ५० मीटरवाल्यांचं वेगळं, ते पुढे येईल.

२०२४ च्या पावसाळ्यात साठ शॉटच्या मॅचमध्ये माझा स्कोअर ६१२ ते ६१६ मध्ये अडकला होता. पहिले चाळीस शॉट बरे जायचे. शेवटच्या वीसमध्ये मात्र एकेक शॉट सहा वाजता, म्हणजे टार्गेटला घड्याळ मानलं तर सहाच्या आकड्याकडे, खाली उतरायचा, ९.८, ९.७ असा. रेंजवरच्या एका अनुभवी माणसाने माझं टार्गेट लांबूनच पाहिलं आणि सांगितलं, "व्हेलॉसिटी पडतेय तुझी. मोजून घे." मी तेवढ्यावर विश्वास ठेवला. त्याच ऑगस्टच्या १ तारखेला स्वप्नील कुसळेंनी पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ जिंकलं होतं. राधानगरीजवळच्या कांबळवाडीचा मुलगा ऑलिंपिकचं पदक आणतो म्हटल्यावर आमच्या घरातही वारं फिरलं. पोरीला काही कमी पडू द्यायचं नाही, असं आईने ठरवलं आणि भिशीचा नंबर लागल्याबरोबर पैसे माझ्या हातात ठेवले. दिवाळीत आतेभाऊ अमेरिकेहून आला, तो रडारवालं यंत्र घेऊनच. सगळं मिळून साठेक हजार गेले. त्या पैशांत वर्षभराचे पेलेट, म्हणजे एअर रायफलच्या छोट्या गोळ्या, आले असते, हे मला तेव्हाही माहीत होतं.

आता ते गणित. ते मी यंत्र घ्यायच्या आधी वहीत करायला हवं होतं. बारावीचं फिजिक्स पुरेसं आहे.

मॅच पेलेटचं वजन साधारण ०.५३ ग्रॅम, वेग सेकंदाला १७२ मीटरच्या आसपास. १० मीटर जायला त्याला ०.०५८ सेकंद लागतात. तेवढ्यात गुरुत्वाकर्षणाने तो साडेसोळा मिलिमीटर खाली येतो, आणि ते आपण साइट लावताना धरलेलंच असतं. वेग १ मीटरने कमी झाला तर पेलेट आणखी किती खाली जाईल? जेमतेम ०.२ मिलिमीटर. आपल्या टार्गेटवर ०.१ गुण म्हणजे ०.२५ मिलिमीटर. म्हणजे १ मीटरच्या फरकाने एक दशांशसुद्धा पूर्ण जात नाही. माझा शॉट १०.५ वरून ९.८ वर यायचा, तो १.७५ मिलिमीटरचा फरक. एवढं वेगामुळे व्हायचं तर वेग ९ मीटरने पडायला हवा. सिलिंडरचा काटा हिरव्यात आहे, रेग्युलेटर (दर शॉटला हवेचा दाब सारखा ठेवणारा भाग) धड आहे, तर चांगल्या मॅच रायफलमध्ये असं होत नाही. माझ्याही होत नव्हतं. साठ शॉटची अख्खी मॅच यंत्रासमोर मारली तेव्हा पहिल्या दहाची सरासरी १७२.६ आली आणि शेवटच्या दहाची १७२.१.

इथे थांबले असते तरी चाललं असतं. पण यंत्र घरात आलं की ते वापरावंसं वाटतं. खरी फसगत यापुढची आहे. ती मी सविस्तर सांगणार, कारण माझे चार महिने तिच्यात गेले.

माझ्याकडे दोन कंपन्यांचे पेलेट होते. दोन्हींचे पाच-पाच शॉट मारले. यंत्र स्वतःच सरासरी काढतं, सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी वेगातलं अंतर काढतं आणि एसडीही दाखवतं, म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन, वेग सरासरीभोवती किती विखुरलेत त्याचं माप. पहिल्या पेलेटचा एसडी ०.८ आला, दुसऱ्याचा १.६. थेट दुप्पट! मी दुसऱ्या पेलेटचे उरलेले डबे मैत्रिणीला देऊन टाकले आणि पहिल्याचे दहा डबे मागवले. महिन्याभराने नवा डबा उघडून पुन्हा पाच शॉट मारले, तर एसडी १.७. मग मी डब्याला दोष दिला, हेड साइझ (पेलेटच्या डोक्याचा व्यास, मिलिमीटरमध्ये) ४.५० ची ४.४९ केली, पुन्हा पाच शॉट, पुन्हा वेगळा आकडा. दर वेळी काहीतरी बदलत राहिले. रायफल तीच, हात तोच. बदलत होते ते फक्त आकडे, आणि मी त्यांच्यामागे फिरत होते.

पाच शॉटवरून काढलेल्या एसडीवर काही ठरवता येत नाही. संख्याशास्त्रात याचा सरळ हिशोब आहे. पाच शॉटवर एसडी जो दिसतो, त्याच्या ०.६ पटीपासून जवळजवळ २.९ पटीपर्यंत खरा एसडी कुठेही असू शकतो, तोही शंभरातल्या पंचाण्णव वेळा. उरलेल्या पाच वेळा त्याच्याही बाहेर. म्हणजे माझ्या ०.८ चा अर्थ होता ०.५ ते २.३ मधलं काहीही, आणि १.६ चा अर्थ १ पासून ४.६ पर्यंत काहीही. हे दोन पट्टे एकमेकांवर चढलेले आहेत. कुठला पेलेट चांगला, हे त्यातून कळतच नाही. तीस शॉट मारले तर तोच पट्टा ०.८ ते १.३४ पट इतका आवळला जातो. तेव्हा कुठे तुलना करण्यात अर्थ असतो.

पटत नसेल तर एक संध्याकाळ काढा. एकच डबा, एकच रायफल, पाच शॉटचे पाच गट, मध्ये काहीही बदलायचं नाही. प्रत्येक गटाचा एसडी लिहा. माझे आले ०.७, १.५, १.१, १.८, ०.९. एकाच डब्याचे! हे पाच आकडे वहीत एकाखाली एक दिसले तेव्हा मला रडू आलं, कारण चार महिन्यांच्या सगळ्या बदलांचा पायाच निघून गेला होता. नंतर दोन्ही पेलेटचे तीस-तीस शॉट मारले. पहिला १.३, दुसरा १.२.

आणि समजा फरक निघाला असता, तरी वर दिलेलं गणित आहेच. १० मीटरवर एवढ्याने कागदावर काय हलणार? पेलेट निवडायचा तर रायफल क्लॅम्पमध्ये घट्ट बसवून कागदावर ग्रुप मारा, म्हणजे एकाच नेमाने ओळीने काही शॉट, आणि भोकं किती जवळ पडतात ते बघा. बॅरलला कुठला पेलेट मानवतो ते कागद सांगतो, आणि कागद स्वस्त असतो. क्लॅम्प आपल्याकडे नसला तर ज्या क्लबकडे आहे तिथे अर्धा दिवस मागून घ्या. विचारायला लाजू नका, सहसा नाही म्हणत नाहीत. पेलेट काट्यावर एकेक तोलून वेगळे करणं, हेही माझ्या मते शिकणाऱ्याने करू नये. तेवढा वेळ ड्राय करा, म्हणजे पेलेट न घालता नेम आणि ट्रिगरचा सराव.

माझे शॉट खाली का जात होते? बारावीतल्या एका ज्युनिअर मुलीने फोनवर बाजूने माझा व्हिडिओ काढला. चाळिसाव्या शॉटनंतर डावं कोपर कंबरेच्या हाडावरून पुढे घसरत होतं आणि रायफल मी दंडाच्या ताकदीवर धरत होते. थकवा आला की नळी खाली. व्हिडिओला चार मिनिटं लागली. म्हणून म्हणते, कुणी टार्गेट लांबून बघून यंत्र घ्यायला सांगत असेल, तर त्यांना नमस्कार करा आणि आधी तुमच्याजवळ उभं राहून वीस शॉट बघणारा माणूस शोधा. नावाजलेला नसला तरी चालेल. जो जवळ येत नाही, त्याचा सल्ला घेऊ नका.

एवढं बोलून यंत्राला निरुपयोगी म्हटलं तर ते खोटं होईल. गेल्या उन्हाळ्यात माझा एक वेगळाच शॉट जायला लागला. पाच-सात मिनिटं थांबून मारला की पहिला शॉट बारा वाजता वर, नंतरचे ठीक. क्रोनोग्राफ लावला तर थांबल्यानंतरचा पहिला शॉट १७८, पुढचे १७२. दहा वेळा करून पाहिलं, दहाही वेळा तसंच. रेग्युलेटरचं सील झिजलं होतं. थांबलेल्या वेळात हवा हळूहळू पुढे झिरपायची आणि पहिल्या शॉटला जास्त दाब मिळायचा. ६ मीटर म्हणजे १.१ ते १.२ मिलिमीटर, जवळजवळ अर्धा गुण. सील बदललं, दुखणं गेलं. हे डोळ्याने कळलं नसतं. पण त्यासाठी साठ हजारांचं रडार नको होतं. नळीच्या तोंडाला अडकवायचं स्वस्त यंत्रही ६ मीटरचा फरक दाखवतं.

महाग यंत्रात पैसे कशाचे जातात तेही समजून घ्या. स्वस्तवालं नळीला लटकतं, त्यामुळे वजन बदलतं आणि नेम सरकतो. वेग मोजताना त्याच वेळी ग्रुप बघता येत नाही. जुन्या धाटणीचं, पेलेटची सावली पकडणारं यंत्र ट्यूबलाइटखाली बावचळतं, कारण आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. रडार बाजूला ठेवायचं, रायफलला हात लागत नाही, उजेडाची भानगड नाही. गार्मिनचं झेरो सी-१ प्रो तिकडे ६०० डॉलरला आलं, ते या सोयीसाठी. सोय खरीच आहे, पण त्याने स्कोअर वाढत नाही.

५० मीटरवाल्यांसाठी मात्र मी वेगळं सांगेन. पॉइंट टू-टूची गोळी ३२५-३३० च्या वेगाने जाते. तिथे १ मीटरचा फरक म्हणजे पाऊण मिलिमीटर, आणि ०.१ गुण म्हणजे ०.८ मिलिमीटर. एकाच लॉटमध्ये (कारखान्यात एकत्र बनलेल्या गोळ्यांमध्ये) वेगात १० मीटरचं अंतर निघालं तर जवळपास एक अख्खी रिंग जाते. लॉट निवडताना तिथे यंत्राचा उपयोग आहे, तरीही शेवटचा शब्द कागदाचाच. आणि तिथेही ते एकट्याने घेऊ नये, चार-पाच जणांत घ्यावं.

ज्यांनी घेऊन ठेवलंय त्यांनी मनाला लावून घेऊ नका. तुमचा स्कोअर त्याने खाली आलेला नाही, फक्त पैसे अडकलेत. माझं यंत्र आता रेंजच्या कपाटात असतं, शेजारी एक वही. कुणीही न्यावं, दोन अटींवर: तीसपेक्षा कमी शॉटचा आकडा वहीत लिहायचा नाही, आणि त्याच शॉटचं टार्गेट टाचणीने जोडायचं. परवा आठवीतल्या एका मुलाने तीस शॉट लिहिले, टार्गेट जोडलं, आणि "काही बदलायचं नाही" असं खाली लिहून यंत्र कपाटात ठेवून दिलं.