मुनगा आणि गोडनिंब: परसबागेत या चुका टाळा

आपल्या विदर्भातल्या खेड्यात घरामागे हातभर जागा असली तरी मुनगा आणि गोडनिंब ही दोन झाडं हमखास असतात. वरणात टाकायला शेंग आणि कढीच्या फोडणीला पानं घरचीच हवीत, हा जुना आणि चांगला रिवाज आहे. बहुतेक घरी ती नहाणीच्या सांडपाण्याजवळ, एकमेकांना खेटून लावलेली दिसतात. मग तक्रारीही ठरलेल्याच ऐकू येतात. मुनगा कौलांच्या वर गेला पण शेंग धरत नाही, आणि गोडनिंब तीन वर्षं झाली तरी गुडघ्याच्या वर सरकत नाही.

मुनगा म्हणजे शेवगा, कोरड्या मुलखातलं झाड. ऊन, हलकी जमीन आणि कडक छाटणी त्याला मानवते. गोडनिंब म्हणजे कढीपत्ता, संत्रा-लिंबाच्या कुळातला. त्याची वाढ सावकाश, मुळं नाजूक, आणि लहानपणी त्याला जपावंच लागतं. या दोघांना एकाच मापाने पाणी आणि एकाच मापाने खत दिलं की दोघांचंही बिघडतं.

नहाणीचं पाणी दोघांनाही देऊ नका

सर्वांत मोठी चूक हीच. काळ्या भारी जमिनीत पाणी मुरायला वेळ लागतो. त्यात रोजचं सांडपाणी आलं की मुनग्याच्या बुडाशी कायम चिखल राहतो. मुनग्याचं मूळ मांसल असतं, ते लवकर कुजतं. झाड एकाएकी मलूल दिसलं, पानं पिवळी होऊन गळू लागली, तर आणखी पाणी घालण्याआधी बुडाजवळची माती जरा उकरून पाहा. मूळ मऊ लागलं आणि वास आला तर पाणी लगेच तोडा, चर काढून ओल बाहेर जाऊ द्या. मूळ पूर्ण सडलेलं असेल तर वरची निरोगी फांदी तोडून दुसरीकडे लावणं, एवढंच हाती उरतं.

झाड मेलं नाही तरी शेंगा जातात. भरपूर पाणी आणि वर युरिया मिळाला की मुनगा पानांतच रमतो. हिवाळा सरता सरता फुलं येतात, आणि नेमकं तेव्हाच लोक "फुलं आली, आता पाणी द्या" म्हणून बादल्या ओततात. फुलांचा सडा खाली पडतो. मोठ्या झाडाला फुलाआधी थोडा ताण बसू द्यावा. शेंगा बोटभर लांब झाल्या की मग बेताने पाणी सुरू करावं. ढगाळ हवेने किंवा एकदम वाढलेल्या उन्हानेही फूल गळतं, त्याला इलाज नाही. पाण्याने होणारी गळ मात्र आपल्याच हातात आहे.

साबणाच्या पाण्याने गोडनिंबाचं वेगळंच नुकसान होतं. आपल्या काळ्या मातीत चुन्याचा अंश आधीच जास्त असतो, साबण-सोड्याने ती आणखी अल्कधर्मी होते. अशा मातीत लोह असूनही मुळांना घेता येत नाही. मग शेंड्याची कोवळी पानं पिवळी पडतात, पण त्यांच्या शिरा हिरव्याच राहतात. पान उन्हाकडे धरलं की हिरव्या रेषांची जाळी स्पष्ट दिसते. पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या त्या भागात, विहिरीचं खारं पाणी दिलं तर पानांचे शेंडेही करपतात. तिथे पावसाचं साठवलेलं पाणी किंवा नळाचं गोडं पाणी गोडनिंबासाठी राखून ठेवावं.

अशा पिवळेपणावर शेणखत वाढवून लगेच फरक पडत नाही, आणि मातीत हिराकस (फेरस सल्फेट) टाकला तर चुनखडीत तो लवकरच अडकून बसतो. त्यापेक्षा लिटरभर पाण्यात 5 ग्रॅम हिराकस आणि थोडा लिंबाचा रस मिसळून संध्याकाळी पानांवर फवारा, पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा. फवारलेली पानं काही दिवस स्वयंपाकात घेऊ नका.

नहाणीच्या पाण्यावर केळी लावा, धोपा म्हणजे अळू लावा. ती दोन्ही खुशीत वाढतील.

हिवाळ्यातला गोडनिंब आजारी नसतो

डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे रात्रीचा पारा 10 अंशांच्या आसपास, कधी त्याखाली जातो. थंडीत गोडनिंब वाढ थांबवतो, जुनी पानं पिवळी करून टाकतो. इथे शिरांसकट सगळं पान पिवळं होतं आणि खालून गळत येतं, हा लोहाच्या कमतरतेहून फरक आहे. या दिवसांत खत देऊ नये, पाणीही कमी करावं. माघ संपता संपता नवी पालवी फुटते. तेव्हा बुडाशी दोन घमेली कुजलेलं शेणखत द्या. किती झाडं या दोन महिन्यांच्या काळजीपोटी युरिया घालून मारली जातात, याचं फार वाईट वाटतं.

उन्हाळ्यात उलट. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या नऊ दिवसांत, पारा 45 च्या पुढे जातो, तेव्हा पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या रोपाला पश्चिमेकडून पऱ्हाट्यांचा (कपाशीच्या वाळल्या झाडांचा) आडोसा करा, बुडाशी सोयाबीनचं कुटार (भुसा) पसरा आणि दिवसाआड पाणी द्या. मुनग्याला यातलं काही लागत नाही. त्याला बकऱ्यांपासून वाचवायला बाभळीच्या काट्या लावल्या की पुरे.

मुनगा कापायची भीती, गोडनिंब ओरबाडायची सवय

वाढतं झाड कापायचं जिवावर येतं, हे समजतं. पण न कापलेला मुनगा वीस फूट वर जातो, शेंगा हाती लागत नाहीत, आणि लाकूड इतकं ठिसूळ की वादळात फांदी कौलांवर नाहीतर विजेच्या तारेवर येते. मुलांना त्यावर चढू देऊ नका. रोप तीन फुटांचं झालं की शेंडा खुडा, बाजूच्या फांद्या फुटतील. मोठं झाड शेंगा संपल्यावर, मृगाच्या आगेमागे उघडीप पाहून, जमिनीपासून तीन फुटांवर तिरपं कापा. काप सपाट ठेवला तर पाणी साचून बुंधा आतून सडतो. कापलेल्या जागी बोर्डो मलम लावा: 100 ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि 100 ग्रॅम चुना, वेगवेगळे भिजवून लिटरभर पाण्यात एकत्र केलेले. लोखंडी भांडं वापरू नका.

कापलेल्या फांद्यांतली मनगटाएवढी जाड, तीन-चार फुटांची फांदी दोन दिवस सावलीत ठेवून लावली की नवं झाड होतं. बी लावायचं असेल तर पीकेएम-1 सारखा वाण पहिल्याच वर्षी शेंग देतो. गोडनिंबाची फांदी मात्र सहजी जगत नाही. पावसाळ्यात जुन्या झाडाभोवती मुळांतून पिलं फुटतात. त्यातलं वीतभर उंचीचं, स्वतःची तंतुमुळं धरलेलं पिलू मातीच्या गड्ड्यासकट काढा. नुसतं उपटलं तर जाड मूळ तुटून हाती काडी येते आणि ती वाळते. बी पेरायचं तर पिकलेलं काळं फळ चोळून लगेच पेरा. घरात ठेवलेलं बी उगवत नाही.

गोडनिंबाची पानं तोडण्याची पद्धतही बहुतेक घरी चुकते. देठ तसाच ठेवून पानं ओरबाडली की उघडी काडी उरते. अख्खी डहाळी देठासकट खुडा, शेंड्याकडून घ्या, म्हणजे खालून दोन फुटवे येतात. वर्षाच्या आतल्या रोपाला हात लावू नका. फक्त पानंच हवी असतील तर कळ्या येताच काढून टाका.

किडी

पावसाळ्यात मुनग्याच्या बुंध्यावर केसाळ अळ्या झुंडीने चिकटून बसतात. हाताने काढल्या तर अंगाला खाज सुटते. पेटत्या टेंभ्याने जाळण्याची पद्धत आहे, पण त्यात साल भाजते. काठीला फडकं बांधून साबणाच्या पाण्यात बुडवा आणि अळ्या पुसून काढा. पानं आणि फुलं आपण खातो, तेव्हा विषारी फवारा नको.

गोडनिंबावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी पुढे हिरवीगार होते. बोट लावलं की डोक्यामागून नारिंगी शिंगं काढते आणि उग्र वास सोडते. ती लिंबावरच्या फुलपाखराची अळी. लहान रोप ती थोड्याच दिवसांत फस्त करते, म्हणून सकाळी पानं उलटून पाहावी.

वापरताना

मुनग्याची पानं लोह, कॅल्शियम आणि अ जीवनसत्त्वाने भरलेली आहेत. अंगणात झाड असताना बाजारातून पानांच्या भुकटीची पुडी आणायचं कारण नाही: कोवळी पानं सावलीत वाळवा आणि कुटून ठेवा. गोडनिंबाची पानं वाळवली की वास उडतो. पातोडीच्या रश्शात आणि कढी-गोळ्यात ती ताजीच पडली पाहिजेत. मुनग्याचं मूळ आणि साल घरगुती औषध म्हणून खाऊ नये, गरोदर बाईने तर मुळीच नाही. वाळलेल्या बियांची पूड गढूळ पाण्यातला गाळ खाली बसवते, पण जंतू मरत नाहीत. नितळ झालेलं पाणीही उकळूनच प्या.

वरूड, मोर्शी, काटोल, नरखेड या संत्रा पट्ट्यातल्या लोकांनी आणखी एक गोष्ट सांभाळावी. संत्र्यावर ग्रीनिंग रोग पसरवणारी सायला कीड गोडनिंबाच्या कोवळ्या पालवीवरही वाढते. संत्र्याच्या वाडीच्या धुऱ्यावर (बांधावर) गोडनिंब लावू नका, घराजवळच ठेवा. नव्या शेंड्यांवर पांढऱ्या मेणासारखे बारीक धागे दिसले तर ते शेंडे खुडून जमिनीत पुरा आणि 5 टक्के निंबोळी अर्क फवारा. घरच्यासाठी लिटरला 50 ग्रॅम निंबोळी कुटून रात्रभर भिजवली आणि सकाळी गाळून घेतली की भागतं.