मॉडेल इंजिनाचा लायनर: बीड की स्टील?

लायनर म्हणजे पिस्टन ज्यात सरकतो ती नळी. बिनरिंगच्या, घट्ट बसवलेल्या अॅल्युमिनियमच्या पिस्टनला लायनर स्टीलचा असो वा बिडाचा (ओतीव लोखंडाचा), तापल्यावर पिस्टन लायनरच्या दुपटीने फुगतो आणि जाम होतो. त्यामुळे आधी जोडी ठरवा.

१. रिंगवाला अॅल्युमिनियम पिस्टन: लायनर करड्या बिडाचा.
२. बिनरिंगचा बिडाचा पिस्टन: लायनर सहज कापल्या जाणाऱ्या माइल्ड स्टीलचा. मऊ स्टीलवर मऊ स्टील कधीच नको, ओरखडे पडतात.

बीड कंटिन्युअस कास्ट (सलग ओतलेल्या) बारचंच घ्या, साध्या ओतकामात बोअरच्या (आतल्या भोकाच्या) मधोमध छिद्र निघतं. १६ मिमी बोअर, १.५ मिमी भिंत आणि वरची कॉलर धरून २५ मिमीचा बार पुरतो. बाहेरची साल कडक असते, म्हणून पहिला कट सालीखाली जाईल इतका खोल. उथळ कटात टूलचं टोक सालीवरच घासून बोथट होतं. भुकटी निघते, लेथचा बेड झाकून ठेवा.

पोर्ट (भिंतीतली वायूच्या ये-जा करण्याची भोकं) आधी कापा, मग लॅपिंग (पेस्टने बोअर घासून गुळगुळीत करणं), कारण पोर्टच्या कडेची बर (कापताना उरलेली धार) लॅपिंगमध्येच जाते. लॅपिंगसाठी बोअरमध्ये ०.०२ ते ०.०३ मिमी राखा.

सावधान: लॅपिंगची पेस्ट बिडाच्या छिद्रांत अडकते. गरम साबणपाणी आणि ब्रश. तेल लावलेलं पांढरं फडकं काळं यायचं थांबेपर्यंत.