रात्रीची खेप: सायकलच्या रिलेत पहिल्यांदा उतरणाऱ्यांसाठी

पुणे ते गोवा, 643 किलोमीटर. डेक्कन क्लिफहँगर या सायकल शर्यतीत चौघांच्या संघातून पहिल्यांदा उतरले तेव्हा मला सगळ्यात जास्त धास्ती घाटांची होती. मुंबईत घाट कुठून आणायचा? म्हणून वर्षभर पहाटे पेडर रोड आणि मलबार हिल चढत-उतरत राहिले, महिन्यातून एकदा कसारा गाठला. घाट व्यवस्थित निघाले. माझी शर्यत बिघडली ती आमच्या सोबतच्या गाडीत. रात्री नऊ ते एक ही माझी विश्रांतीची वेळ होती आणि त्या चार तासांत मी डोळा मिटलाच नाही.

रिले कशी चालते ते आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. संघात चौघे असले तरी रस्त्यावर एका वेळी एकच सायकलस्वार असतो. दिवसा चौघे आळीपाळीने चालवतात. रात्री मात्र बहुतेक संघ दोन जोड्या करतात. एक जोडी चार-पाच तासांची शिफ्ट घेते आणि त्या वेळात दुसरी जोडी दुसऱ्या गाडीत झोपते. शिफ्टवरची जोडी आपसात छोट्या खेपा करते. आमच्या खेपा पंचवीस मिनिटांच्या होत्या. पंचवीस मिनिटं जोर लावून चालवायचं, पंचवीस मिनिटं गाडीत बसायचं, की पुन्हा उतरायचं. त्यामुळे एकट्याने चालवणाऱ्यापेक्षा रिलेवाल्याचा वेग जास्त असतो आणि शरीर सारखं तापतं-थंड होतं. नाशिकचे डॉक्टर महाजन बंधू, हितेंद्र आणि महेंद्र, यांनी 2015 मध्ये रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका दोघांच्या गटात पूर्ण केली. सुमारे 4800 किलोमीटर, आणि वाटून घ्यायला माणसं दोनच. त्या हिशेबात आपली एक रात्र छोटी आहे, पण झोप वाटून घेण्याचा प्रश्न तोच.

तर त्या रात्री मी का झोपले नाही? थकवा नव्हता असं नाही. मला वाईट वाटत होतं. माझे दोन सोबती अंधारात पाय मारतायत आणि मी पांघरूण घेऊन आडवी व्हायचं, हे मनाला पटेना. मी फोनवर त्यांचा वेग बघत बसले, क्रूला, म्हणजे गाडीतल्या मदतनिसांना, बाटल्या भरून दिल्या, कुणाचा चार्जर सापडेना तो शोधला. गाडी चालवणारे काका दोनदा म्हणाले, "ताई, झोपा आता." मी "हो काका, पाच मिनिटं" म्हणत राहिले.

एक वाजता उतरले तेव्हा अंगात उत्साह होता. पहिल्या दोन खेपा छान गेल्या. निपाणीच्या पुढे, साडेतीनच्या सुमाराला, मला मागून चालणाऱ्या आमच्या गाडीचा लांबलचक हॉर्न ऐकू आला आणि त्याच क्षणी पुढचं चाक खडीत घुसल्याचं जाणवलं. मी डांबर सोडून कडेला गेले होते. कधी गेले ते आठवत नाही. मधले दोन-तीन सेकंद माझ्याकडे नाहीतच. पडले नाही, पण थांबले तेव्हा ब्रेकवरची बोटं सुटेनात. माझ्या जोडीदाराने काही न बोलता हेल्मेट चढवलं आणि पुढची पंचावन्न मिनिटं एकट्याने काढली. माझ्या वाटणीची खेपही त्यानेच केली. ते मला अजून बोचतं.

हे नुसतं मनाचं दुबळेपण नसतं. पहाटे तीन ते पाच या वेळात शरीराचं तापमान चोवीस तासांतल्या सगळ्यात खालच्या पातळीला येतं आणि मेंदूची झोपेची मागणी शिगेला पोहोचते. 1997 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी मोजलं होतं की सलग सतरा तास जागलेल्या माणसाचं हात-डोळ्याचं काम रक्तात 0.05 टक्के मद्य असल्याइतकं बिघडतं. आपल्याकडे गाडी चालवायची कायदेशीर मर्यादा 0.03 टक्के आहे. मी त्या दिवशी पहाटे चारला उठले होते. म्हणजे निपाणीच्या पुढे मला जागून साडेतेवीस तास झाले होते, आणि मागे चार तासांची झोप मला देऊ केलेली असताना मी ती नाकारली होती.

म्हणून नव्या माणसाला मी सगळ्यात आधी हे सांगते, की रिलेमध्ये झोपणं हे तुमचं काम आहे. पेडल मारण्याइतकंच. तुमचा जोडीदार अंधारात चालवतोय तो तुम्ही झोपावं म्हणूनच. शिफ्ट संपली की पहिली दहा मिनिटं ठरलेली असावीत: ओले कपडे काढायचे, अंग पुसायचं, कोरडा टी-शर्ट आणि मोजे घालायचे, काहीतरी खायचं, लघवीला जाऊन यायचं, फोन क्रूच्या हातात द्यायचा, डोळ्यांवर पट्टी बांधून आडवं व्हायचं. फोन देणं सगळ्यात कठीण जातं. दिलाच पाहिजे. झोप लागली नाही तरी डोळे मिटून पडून राहायचं. आणि शिफ्टच्या किमान अर्धा तास आधी उठवायला सांगायचं, कारण गाढ झोपेतून उठल्यावर काही मिनिटं माणूस बधिर असतो. त्या अवस्थेत क्लिपलेस पेडलमध्ये बूट अडकवायला जाऊ नका.

कॉफीबद्दल सगळे विचारतात. ती प्यायल्यावर अंगात उतरायला साधारण अर्धा-पाऊण तास लागतो आणि तिचा अर्धा अंमल पाच-सहा तासांनीही शिल्लक राहू शकतो. म्हणून शिफ्टच्या सुरुवातीला घ्या, शेवटच्या तासात नाही. शेवटी घेतलेली कॉफी तुमची झोप खाते.

आता सरावाचं. मुंबईत याचा सराव होतो का? होतो, आणि चांगला होतो, कारण हे शहर रात्री दोननंतर सायकलवाल्याला जागा देतं. आधी हे लक्षात ठेवा, की सी-लिंक, ईस्टर्न फ्रीवे आणि कोस्टल रोड सायकलला बंद आहेत. रात्र असली, रस्ता मोकळा असला तरी बंदच. आमचा नेहमीचा रस्ता मुलुंड चेकनाक्यापासून ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेने शीव, तिथून दादर, वरळी सी फेस आणि मरीन ड्राइव्ह. जाऊन-येऊन साठ-सत्तर किलोमीटर होतात. उड्डाणपुलांवरचे लोखंडी सांधे सरळ, नव्वद अंशांत ओलांडायचे. तिरपं चाक त्यात अडकतं आणि दव पडलं असेल तर घसरतं. कुत्री मागे लागली तर पाय झाडू नका. वेग कमी करा, खणखणीत आवाजात ओरडा, गरज पडली तर उतरून सायकल मध्ये धरा. बहुतेक वेळा त्यांना पळणारं काहीतरी हवं असतं, थांबलेल्या माणसात त्यांना रस नसतो.

पण नुसतं रात्री फिरून येणं म्हणजे रिलेचा सराव नव्हे. रिलेचा सराव म्हणजे चालवणं, झोपणं आणि पुन्हा चालवणं. दुसऱ्या वर्षी आम्ही चौघांनी तो मुद्दाम केला. शनिवारी रात्री अकराला एक जोडी निघायची, दुसरी जोडी विक्रोळीतल्या आमच्या सोसायटीच्या आवारात गाडीत झोपायची. घरात, पलंगावर नाही. मागची सीट पाडून, अर्ध्या उघड्या खिडकीतून डास येत असताना. वॉचमनला आधी सांगून ठेवलं होतं. दोनला अदलाबदल. पहिल्या दोन शनिवारी कुणालाच झोप लागली नाही, चौथ्या शनिवारी मी घोरत होते असं सोबतीण म्हणाली. शरीर शिकतं. पहाटे चारला दादरच्या फुलबाजारापाशी पोहोचायचं, झेंडूच्या ढिगांच्या वासात सायकलवरच्या चहावाल्याकडून एक कटिंग घ्यायचा आणि मग परत. सायकलवर चहा विकणारा तो माणूस रोज रात्रभर जागतो, हे बघितलं की आपल्या एका रात्रीचं फार कौतुक वाटत नाही.

एकट्या बाईने हे करावं का, असं मला बऱ्याच जणी विचारतात. माझं उत्तर सरळ आहे: सरावाला एकटीने जाऊ नका, दोघी-तिघींनी जा, रस्ता आणि परतीची वेळ घरी सांगून जा. शर्यतीत क्रूमध्ये एक तरी बाई असावी, हा आग्रह मी आता धरते. रात्री स्वच्छतागृहासाठी पेट्रोल पंप शोधायचे असतात, आणि त्यांतल्या कुठल्या पंपावर थांबायचं हे आधीच नकाशावर ठरवलेलं असलं की पाणी कमी पिण्याचा मूर्खपणा होत नाही. मी तो केला आहे. त्याने पायात गोळे येऊ शकतात.

संपूर्ण रात्र अंगावर घ्यायची पहिली संधी म्हणून ब्रेवे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्या, चांगल्या. 200 किलोमीटरला साडेतेरा तास, 300 ला वीस आणि 400 ला सत्तावीस तास मिळतात. 400 मध्ये रात्र टळतच नाही. तिथे अंधारात दिवे आणि रिफ्लेक्टिव्ह जाकीट सक्तीचं असतं, त्यामुळे सामानाची सवयही होते.

दिव्याचा हिशेब स्वतः करा. ताशी 25 किलोमीटरने तुम्ही सेकंदाला सात मीटर पुढे जाता. दिवा वीस मीटरपर्यंतच नीट दाखवत असेल, तर खड्डा दिसल्यापासून हातात तीन सेकंदही नाहीत. उतारावर ताशी 50 चा वेग असेल तर दीडच. म्हणून उतारावर दिवा मोठा करायचा किंवा वेग लहान. माझ्या हँडलवर एक आणि हेल्मेटवर एक असे दोन दिवे असतात, कारण वळणावर हँडलचा दिवा सरळ दरीकडे बघत असतो आणि आपल्याला वळणाच्या आत बघायचं असतं. मागचा लाल दिवा स्थिर ठेवा. लुकलुकणाऱ्या दिव्यामागे चार तास गाडी चालवणाऱ्या काकांच्या डोळ्यांचाही विचार करायला हवा.

मागच्या गाडीबद्दल एक गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. गाडीचे हेडलाइट बरोबर पाठीमागून आले तर तुमचीच सावली पुढच्या रस्त्यावर पडते आणि नेमका चाकासमोरचा खड्डा त्या सावलीत लपतो. गाडी थोडी उजवीकडे आणि जरा अंतर ठेवून चालवायला सांगा. सावली डावीकडे सरकते आणि मागून येणाऱ्या ट्रकपासूनही आडोसा मिळतो. हे शर्यतीच्या रात्री सांगून जमत नाही. क्रूसोबत एकदा तरी रात्री सराव झालाच पाहिजे.

अदलाबदल अंधारात गोंधळाची होते. आम्ही ती थांबूनच करायचो: गाडी रस्त्याच्या पूर्ण बाहेर, पुढचा स्वार तिच्या पुढे सायकलवर तयार, येणाऱ्याचं चाक त्याच्या चाकाला समांतर आलं की तो निघणार. आपल्या शर्यतीचा नियम नीट वाचून घ्या, चुकीच्या बदलाला वेळेचा दंड बसतो. आणि खेप संपवून थांबण्याआधी गिअर हलका करून ठेवा. पंचवीस मिनिटांनी आखडलेल्या पायांनी जड गिअरवर सुरुवात करणं गुडघ्याला महागात पडतं.

खाण्यात रात्री गोडाची शिसारी येते. तासाला साठ ग्रॅम कर्बोदकं पोटात जावीत असा साधारण हिशेब आहे, पण एनर्जी जेल आणि खजूर रात्री दोननंतर घशाखाली उतरत नाहीत. मीठ लावलेले उकडलेले बटाटे, दशमी, मऊ दहीभात, राजगिऱ्याची चिक्की असं आलटून पालटून ठेवा. ओआरएस मुंबईच्या घामाला लागतं तितकं दख्खनच्या थंड रात्री लागत नाही, पण तहान जाणवत नाही म्हणून पाणी बंद करू नका. थंडीची तयारी मुंबईकर हमखास विसरतात. घामाने भिजलेली जर्सी अंगावर ठेवून गाडीत बसलात तर दहा मिनिटांत हुडहुडी भरते. पातळ विंडचीटर, हातांवर चढवायच्या सुट्या बाह्या, आणि प्रत्येक शिफ्टला कोरडी पॅडवाली शॉर्ट. प्रत्येक शिफ्टचे कपडे वेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर मोठ्या अक्षरात आकडा. अंधारात दुसऱ्याच्या पिशवीत हात घालणाऱ्याला क्रू माफ करत नाही.

दुसऱ्या वर्षीही माझी विश्रांती नऊ ते एकच होती. फोन दिला, दहीभात खाल्ला, पट्टी बांधली. साडेबाराला काकांनी हाक मारली. मग पुन्हा मारली. तिसऱ्या वेळी त्यांना दार उघडून माझा खांदा हलवावा लागला.