जुना मारियो पुन्हा खेळताय? या चुका टाळा

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आठ वर्षांच्या लेकीला मोठ्या ऐटीत म्हटलं, "बस इथे, बाबा कसा खेळतो बघ." भिंतीवर मोठा टीव्ही, हातात गेमचा नवाकोरा रिमोट, समोर सुपर मारियोची १-१, म्हणजे पहिल्या वर्ल्डची पहिली स्टेज. आणि पहिलाच गूम्बा, तो चॉकलेटी, मिशीसारख्या भुवयांचा, सरळ येऊन मला धडकला. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा मी त्याच्या डोक्यावर उडी मारली होती असं माझं आजही म्हणणं आहे, पण मारियो मेला. "बाबा, तुला येत होता ना हा गेम?"

अशा वेळी आपण लगेच वयावर घेतो. हात जड झाले, चष्मा लागला, वगैरे. थोडं खरंही असेल. पण निम्म्याहून जास्त दोष हातांचा नसतो, हे मला दोन दिवस खटपट केल्यावर कळलं.

टीव्ही तसाच ठेवून खेळायला बसणं

सगळ्यात मोठी चूक हीच. जुना डबा टीव्ही आलेलं चित्र तसंच्या तसं पडद्यावर टाकायचा. आताचा टीव्ही आधी ते मोठं करतो, रंग सजवतो, हालचाल गुळगुळीत करतो आणि मग दाखवतो. यात सेकंदाचा दहावा भाग सहज जातो. ऐकायला किरकोळ वाटतं, पण हिशोब करून बघा. हा गेम सेकंदाला ६० चित्रं दाखवतो, म्हणजे दहाव्या भागात सहा चित्रं झाली. पळणारा मारियो एका चित्रात अडीच पिक्सेल पुढे जातो. सहा चित्रांत पंधरा. गेममधली एक वीट सोळा पिक्सेलची. थोडक्यात, तुम्ही बटण दाबता तेव्हा मारियो तुम्हाला दिसतो त्याच्यापेक्षा जवळजवळ एक वीट पुढे असतो. खड्ड्याच्या काठावर एक वीट म्हणजे एक लाईफ.

उपाय फुकट आहे. टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमध्ये 'गेम मोड' शोधा आणि चालू करा. ब्लूटूथ स्पीकर जोडला असेल तर काढा, नाहीतर मारियो जमिनीवर उतरल्यावर उडीचा आवाज येतो. रिमोट बिनतारी असेल तर एकदा वायरचा लावून फरक बघा. आणि चित्र पडदाभर ताणू नका. हा गेम चौकोनी टीव्हीसाठी काढलेला आहे. रुंद पडद्यावर ताणला की मारियो जाडा होतो आणि उडीचा अंदाज चुकतो. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहू द्या.

याच कारणामुळे 'डक हंट' गेममधली बदकं मारायची बंदूक नव्या टीव्हीवर चालत नाही. घोडा दाबल्यावर क्षणभर पडदा काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो आणि बंदुकीच्या नळीतला सेन्सर तो उजेड टिपतो. चित्र उशिरा आलं की उजेडाची वेळ हुकते. बंदूक बिघडली म्हणून उघडून बसू नका. मी बसलो होतो.

"आमच्या वेळी इतका फास्ट नव्हता"

बरोबर आहे, नव्हता. हा गेम १३ सप्टेंबर १९८५ ला जपानमध्ये निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या गेम मशीनवर आला, तिथल्या टीव्हीच्या सेकंदाला ६० चित्रांच्या वेगासाठी बनवलेला. आपल्याकडे बहुतेकांनी तो फॅमिकॉमच्या नकली मशीनवर खेळला. आपले टीव्ही पाल पद्धतीचे, म्हणजे सेकंदाला ५० चित्रांचे. पालसाठी जुळवलेल्या नकली मशीनवर तोच जपानी गेम सहाऐवजी पाचच्या हिशोबाने, हळू चालायचा. गाणंसुद्धा संथ लागायचं.

गेममधलं घड्याळही खरे सेकंद मोजत नाही. त्यातला एक आकडा २४ चित्रांनी उतरतो. म्हणून ४०० चा वेळ ६० च्या वेगात २ मिनिटं ४० सेकंदांत संपतो, ५० च्या वेगात ३ मिनिटं १२ सेकंद पुरतो. लहानपणी आपल्याला अर्धा मिनिट जास्त मिळत होता! आता एकदम १-२ गाठायची घाई करू नका. १-१ पाच-सहा वेळा नुसती खेळा, हात नव्या तालावर येतो.

जुनं मशीन माळ्यावरून काढलं असेल तर

कॅसेटमध्ये फुंकर मारू नका. फुंकरीतला ओलावा आतल्या धातूच्या दातांवर बसतो आणि ते गंजतात. मग तेव्हा फुंकरीने गेम लागायचा कसा? कॅसेट काढून परत घातली जायची, म्हणून. दात पुसायला कापसाची काडी आणि मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे असतं ते आयपीए लिक्विड (आयसोप्रोपिल अल्कोहोल) घ्या. पूर्ण सुकू द्या, मगच कॅसेट लावा.

अडॅप्टर हाताला लागेल तो लावू नका. पिन बसली म्हणजे जमलं असं नाही. मशीनवरचे व्होल्ट आणि अडॅप्टरवरचे व्होल्ट, आणि पिनच्या आत प्लस की मायनस ही खूण, दोन्ही जुळायला हवं. चित्र काळंपांढरं येत असेल तर पिवळी वायर चुकीच्या भोकात गेलेली असते किंवा टीव्हीची कलर सिस्टिम पालऐवजी एनटीएससीवर (जपान-अमेरिकेची पद्धत) किंवा उलट अडकलेली असते. ती 'ऑटो'वर टाका.

खेळतानाच्या चुका

बी बटण न दाबता पळणं ही नवशिक्यांची चूक, पण बरीच वर्षं न खेळलेला माणूसही तेच करतो. बी दाबून पळालं की उडी लांब जाते आणि जरा उंचही. ए जितका वेळ दाबून ठेवाल तितकी उडी मोठी. रिमोटवर टर्बो ए असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका. तो बटण सारखं दाबतो-सोडतो, त्यामुळे मारियो चिमणीसारखा उड्या मारत राहतो.

गेम ओव्हर झाल्यावर पुन्हा १-१ पासून सुरू करणं, ही आपण सगळ्यांनी केलेली चूक. टायटल स्क्रीनवर ए दाबून धरा आणि स्टार्ट दाबा. ज्या वर्ल्डमध्ये मेलात त्याच्या पहिल्या स्टेजवर पोचता. म्हणजे ५-३ ला मेलात तर ५-१. ही सोय पहिल्यापासून गेममध्ये होती आणि आमच्या अख्ख्या बिल्डिंगमध्ये एकालाही ठाऊक नव्हती. किती सुट्ट्या वाया गेल्या असतील!

३-१ च्या शेवटच्या पायऱ्यांवर कासवाच्या पाठीवर उड्या मारून लाईफ वाढवायची युक्ती मात्र सगळ्यांना पाठ. पण तिथे हाव नको. दहा झाल्या की दशकाच्या आकड्याच्या जागी मुकुट येतो, तेवढ्यावर थांबा. १२७ च्या पुढे गेलात की मशीन तो आकडा उणे समजतं, आणि एकदा मेलात की थेट गेम ओव्हर.

४-४, ७-४ आणि ८-४ चे किल्ले चक्रव्यूह आहेत. वाट चुकली की तोच तुकडा पुन्हा पुन्हा येतो आणि गेम काही सांगत नाही. वेळ संपेपर्यंत पळत बसण्यापेक्षा वर, मधे की खाली गेलो हे कागदावर लिहून ठेवा.

मुलांना घेऊन बसताना

रंगीत आहे, गोड आहे, म्हणून सोपा आहे असं समजू नका. तीन लाईफ, सेव्ह नाही, आणि आठव्या वर्ल्डमध्ये तर अर्ध्यावरून सुरू व्हायची सवलतही नाही. पोराला पहिल्या दिवशी वार्प झोनमधून (मधले वर्ल्ड गाळून पुढे नेणारी गुप्त वाट) ४-१ ला नेऊन सोडलंत तर ते रडेल. पहिला वर्ल्ड हळूहळू खेळू द्या. निन्टेन्डो स्विचच्या ऑनलाइन सदस्यत्वात हा गेम मिळतो, त्यात मागे जायची सोय आहे. लहानांसाठी मी ती खुशाल वापरू देतो, स्वतः वापरताना जरा लाज वाटते.

आणि मधे मधे रिमोट हिसकावून "थांब, मी करून दाखवतो" करू नका. मी ते केलं नाही तेव्हा लेकीने मला एक गोष्ट दाखवली, जी मला तीस वर्षांत दिसली नव्हती. "बाबा, हे झुडूप म्हणजे ढगच आहे. नुसता हिरवा केलाय." खरंच तसं आहे. हा गेम बनवणाऱ्या शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांना तो अख्खा ४० किलोबाइटमध्ये बसवायचा होता, तेव्हा एकच आकार आकाशात पांढरा आणि जमिनीवर हिरवा वापरला. व्हॉट्सअॅपवर रोज येणारा शुभ सकाळचा फोटो याहून मोठा असतो.

शेवटची चूक दोन जणांच्या खेळातली. यात दोघं एकत्र खेळत नाहीत. मारियो मरेपर्यंत लुईजीने, म्हणजे दुसऱ्या खेळाडूने, गप्प बसायचं. पहिल्या दिवशी मी मारियो झालो, गेम मोड चालू केल्यावर हात बसला, आणि लेक दहा मिनिटं नुसती बघत राहिली. आता मारियो ती असते. मी लुईजी, आणि हल्ली माझी पाळी लवकर येत नाही.