बार्बेरियन वाचतोय, वाचू द्या: क्लासच्या साच्याविरुद्ध खेळताना या चुका टाळा

आम्ही रविवारी नागपूरच्या धरमपेठेत डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे एकेक पात्र होऊन फासे टाकत गोष्ट पुढं नेण्याचा खेळ, खेळतो. मे महिन्यात आमच्या टेबलावर कूलरचा झोत सरळ येतो. कॅरेक्टर शीट, म्हणजे आपल्या पात्राचा कागद, उडू नये म्हणून जो तो आपापल्या कागदावर काहीतरी जड ठेवतो: कैरी, अडकित्ता, पाण्याचा तांब्या. दोन उन्हाळ्यांपूर्वी त्यातल्या एका शीटवर ‘बार्बेरियन’ (रानटी लढवय्याचा क्लास, म्हणजे पात्राचा पेशा) या शब्दाखाली मैत्रिणीनं लिहिलं होतं, ‘गावकऱ्यांची पत्रं लिहून देतो.’ शेजारचा लगेच म्हणाला, “अबे, बार्बेरियन कधीपासून लिहून-वाचून राहिला?”

तिचा तो बार्बेरियन, रानबा, कॅम्पेन (अनेक रविवार चालणारी सलग गोष्ट) संपेपर्यंत टिकला आणि आजही आमच्या गप्पांत येतो. त्याच टेबलावर साच्याविरुद्ध बेतलेली आणखी चार कॅरेक्टरं तिसऱ्या-चौथ्या रविवारी गळपटली. त्यातलं एक माझं होतं. कल्पना कुणाचीच वाईट नव्हती, चुका ठरलेल्या होत्या. त्या इथं लिहून ठेवतो. नियम डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या २०१४च्या पाचव्या आवृत्तीचे धरलेत, कारण आम्ही तीच खेळतो.

साचा पुस्तकात आहे की आपल्या डोक्यात, हे न तपासणं

१९७४ साली हा खेळ आला तेव्हा क्लास तीनच होते: लढवय्या, जादूगार आणि क्लेरिक, म्हणजे देवाच्या बळावर जादू करणारा पुजारी. चोर १९७५च्या पुरवणीत आला, पॅलाडिन (धर्मयोद्धा) हाही त्याच पुरवणीत. पुढं बराच काळ साचे खरोखर नियमांतच होते. १९८५च्या बार्बेरियनला जादूच्या वस्तू फोडल्याबद्दल अनुभवाचे गुण मिळत. २०००च्या तिसऱ्या आवृत्तीत तो नियमानंच निरक्षर होता. वाचायला शिकायचं तर कौशल्याचे २ गुण मोजावे लागत. पॅलाडिन ‘लॉफुल गुड’च (नियम पाळणारा आणि भला) असला पाहिजे ही अट २००८च्या चौथ्या आवृत्तीनं काढली.

म्हणजे आमच्या शेजारच्यानं काढलेली शंका कधीकाळी बरोबर होती. पाचव्या आवृत्तीत ती अट उरलेली नाही. तरी लोक जुन्या चित्रानं खेळतात आणि नव्या माणसाला ‘असं चालत नाही’ म्हणून सांगतात. आधी पान उघडून बघा.

रेजचंच, म्हणजे बार्बेरियनच्या संतापाचंच, घ्या. पहिल्या लेव्हलला नियम मुख्यतः एवढं सांगतो की ताकदीच्या जोरावर केलेल्या हातघाईच्या हल्ल्याला २ जास्त नुकसान, तलवार-भाला-सोट्याचा मार निम्मा, मंत्र बंद, आणि समोरच्यावर हल्लाही केला नाही आणि स्वतः मारही खाल्ला नाही तर रेज उतरतो. ओरडा, फेस काढा, टेबल बडवा, असं कुठं लिहिलंय? रानबा रेजमध्ये गेला की गप्प व्हायचा. मैत्रीण तेव्हा हातातल्या पेनाला टोपण लावायची. तो ‘टक्’ आवाज आला की आम्ही सगळे सरसावून बसायचो. डीएमचं, म्हणजे खेळ चालवणाऱ्याचं, बोलणंसुद्धा क्षणभर थांबायचं. दोन वर्षांत मी ऐकलेला सगळ्यात भीतिदायक रेज तो होता.

नुसतं उलटं करणं

भित्रा बार्बेरियन. मूर्ख विझार्ड (जादूगार). लाजाळू बार्ड (गाणारा-वाजवणारा). शब्द उलटा केला की कॅरेक्टर तयार झालं असं वाटतं, आणि पहिल्या रविवारी हसूही येतं. तिसऱ्या रविवारी तोच भित्रा बार्बेरियन चौथ्यांदा झाडामागं लपतो तेव्हा कुणी वर बघत नाही.

उलटेपणाला कारण लागतं, आणि ते कारण क्लासच्या ताकदीशी बांधलेलं लागतं. रानबा पत्रं का लिहायचा? त्याच्या बापाचं शेत एका खोट्या कागदावर अंगठा घेऊन लाटलं होतं, म्हणून तो लिहायला शिकला. रेज यायचा तोही तिथूनच: कुणी न वाचता येणाऱ्याला फसवताना दिसलं की. वाचन आणि संताप एकाच मुळातून आले म्हणून दोन्ही खरे वाटले. कॅरेक्टर बेतताना स्वतःला विचारा: याला हा क्लास का मिळाला आणि तरी हा असा का? दोन्ही प्रश्नांना एकच गोष्ट उत्तर देत असेल तर कॅरेक्टर टिकेल.

वेगळेपणासाठी मुख्य आकड्याचा बळी देणं

ही चूक सगळ्यात जास्त होते, म्हणून हिशेबच मांडतो. पात्राच्या सहा गुणांना वाटायचे ठरीव आकडे १५, १४, १३, १२, १० आणि ८. साधा माणूस घेतला तर प्रत्येकात १ वाढतो. हुशार बार्बेरियन करायचा म्हणून एकानं १५ बुद्धीला दिले आणि ८ ताकदीला. झाले बुद्धी १६, ताकद ९. आता १३ आर्मर क्लासच्या (हल्ला लागायला गाठायचा आकडा) शत्रूवर कुऱ्हाड चालवताना त्याला वीसच्या फाशावर १२ किंवा जास्त पाहिजे, म्हणजे ४५ टक्के. ताकद १६ असती तर ८ पुरले असते, म्हणजे ६५ टक्के. मोठ्या कुऱ्हाडीचं रेजसकट सरासरी नुकसान एकीकडं ७.५, दुसरीकडं ११.५. क्रिटिकल (२० पडल्यावरचं जास्तीचं नुकसान) सोडून गुणाकार केला तर दर हल्ल्याला साधारण ३.४ विरुद्ध ७.५. निम्म्याहून कमी! आणि हे पार्टीतल्या, म्हणजे सोबत्यांच्या चमूतल्या, चौघांना प्रत्येक लढाईत सोसावं लागतं.

मैत्रिणीनं काय केलं? ताकद १६ ठेवली, बुद्धीला १२ दिले ते १३ झाले, आणि बॅकग्राउंड, म्हणजे पात्राचं आधीचं आयुष्य, सेजचं (अभ्यासकाचं) घेतलं. सेजमुळं इतिहास आणि अर्काना (जादूचं ज्ञान) ही दोन कौशल्यं आली. तिच्या इतिहासाच्या फाशाला +३. सोपी माहिती काढायला १० लागत असतील तर तिला ७० टक्के संधी. बुद्धी १६ करून बसलेल्याला ८० टक्के. फक्त १० टक्क्यांसाठी त्यानं आपली निम्मी कुऱ्हाड दिली होती. व्यक्तिमत्त्व बॅकग्राउंड, कौशल्यं आणि बोलण्यातून आणा, मुख्य आकड्याला हात लावू नका. २०२४च्या नव्या पुस्तकात आकड्यांची वाढ बॅकग्राउंडमधूनच मिळते आणि सेजमध्ये ताकद नाही, तेव्हा ते खेळणाऱ्यांनी १५ ताकदीलाच ठेवावेत.

बार्बेरियनमध्ये विझार्ड मिसळण्याचा मोहही होतो. रेजमध्ये मंत्र म्हणता येत नाहीत. विषय संपला.

टेबलाला न सांगणं

ही माझी चूक आहे, आणि तिची मला अजून रुखरुख आहे. मी क्लेरिक घेतला होता, नॉलेज डोमेनचा, म्हणजे ज्ञान हे क्षेत्र असलेल्या देवाचा. देवळातला ग्रंथपाल, जखमा बघितल्या की तोंड फिरवणारा. बरं करणारा एकही मंत्र मी तयार ठेवला नव्हता. क्लेरिक म्हणजे दवाखाना या साच्याविरुद्ध जायचं होतं आणि ते जाणं रास्तच होतं. पुस्तकातल्या सात डोमेनपैकी एकच, लाइफ, खास बरं करण्यावर बेतलेलं आहे. पण मी हे कुणाला सांगितलं नव्हतं. ऐनवेळी उलगडलं तर मजा येईल असं वाटलं होतं.

चौथ्या सेशनला रेंजर (रानात वावरणारा शिकारी) पडला. सगळे माझ्याकडं बघायला लागले. त्याचे मृत्यूचे फासे सुरू झाले. तीन चुकले की माणूस गेला. मी म्हटलं, माझ्याकडं काही नाही. पहिला फासा चुकला. दुसरा चुकला. कुणाकडं औषधाची बाटली नव्हती, कारण क्लेरिक आहे म्हणून कुणी घेतलीच नव्हती. तिसरा चुकला तेव्हा रेंजरवाला मित्र एवढंच म्हणाला, “सांगून तं ठेवाचं होतं ना बे.” त्यानं ते कॅरेक्टर सात महिने मनात वागवलं होतं.

सेशन झिरोला, म्हणजे खेळ सुरू होण्याआधीच्या बैठकीत, एक वाक्य पुरलं असतं: ‘माझ्या भरवशावर राहू नका.’ मग प्रत्येकानं ५ सोन्याच्या नाण्यांची हीलर्स किट घेतली असती. ती दहा वेळा वापरता येते, पडलेल्याला फासा न टाकता स्थिर करते आणि तिला कुठलाच क्लास लागत नाही. ५० नाण्यांची औषधाची एखादी बाटली असती. मी स्वतः हीलिंग वर्ड हा बरं करणारा मंत्र तेवढा ठेवला असता, तर ६० फुटांवरून, जवळ न जाता, त्याला उठवता आलं असतं. कॅरेक्टरचं गुपित खुशाल ठेवा. पार्टीचा कोणता खांब तुम्ही उभा करणार नाही, हे मात्र गुपित ठेवायचं नसतं.

‘माझं कॅरेक्टर असंच आहे’

पार्टीचेच पैसे चोरणारा रोग (इंग्रजीतला rogue, जुन्या चोर क्लासचं आजचं नाव) आणि वर हे वाक्य. रोगला चोर असण्याची सक्ती नाही. स्नीक अटॅकला, म्हणजे रोगच्या नेमक्या घावाला, ‘फिनेस’ (चपळाईनं चालवायचं) किंवा दुरून मारायचं शस्त्र लागतं, आणि सोबती शत्रूपासून पाच फुटांत असला तरी तो लागू होतो. अंधार आणि पाकीटमारी लागत नाही. इतवारीतला कुलपं दुरुस्त करणारा कारागीर डोळ्यांसमोर आणा: कुलपाची नस माहीत, हात हलका, आणि किल्ली हरवलेल्या माणसाचा त्याच्यावर पूर्ण विश्वास. असा रोग मला खेळायचाय.

डीएमनं जुन्याच दारावर थाप मारणं

खेळाडू सगळं नीट करतो आणि डीएम सवयीनं इतिहासाचा प्रश्न विझार्डला, जखमेचा क्लेरिकला आणि दार फोडायचं काम बार्बेरियनला देतो. मग साच्याविरुद्धचं कॅरेक्टर शीटवरच राहतं.

आमच्या डीएमनं एकदा आपल्या मारबतीवरून एक नगर उभं केलं होतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघते तशी मिरवणूक, काळी आणि पिवळी मारबत हे मोठे पुतळे, ‘घेऊन जा गे मारबत’चा गजर, मागं बडगे नावाचे पुतळे आणि बडग्यांच्या गळ्यात पाट्या. एका पाटीच्या मजकुरात कैद्यांचा निरोप दडवलेला होता. डीएम विझार्डकडं वळून म्हणाला, “इतिहासाचा फासा टाक.” विझार्डवाल्यानं फासा उचललासुद्धा. मग त्यानं तो टेबलापलीकडं सरकवला आणि म्हणाला, “रानबा पत्रं लिहिते ना. अक्षर त्यालेच समजन.”

मैत्रिणीचा फासा ९ पडला, +३ धरून १२. रानबानं ओळखलं की पाटीवरचं एक अक्षर प्रत्येक वेळी मुद्दाम चुकवलंय, आणि शिकाऊ माणूस असं चुकत नाही. चुकलेली अक्षरं ओळीनं लावली तर बुरुजाचं नाव निघालं. मग पेनाचं टोपण लागलं.

त्या फासा सरकवण्यामुळं मला कळलं की हे काम एकट्या खेळाडूचं नाही. सोबत्यांनी जागा द्यावी लागते. आणि फासा वाईट पडला तर ‘शेवटी बार्बेरियनच!’ असं म्हणू नका. विझार्डचा पडला तर आपण म्हणतो, उजेड कमी होता. रानबालाही तोच उजेड कमी पडू द्या.

तुमचं कॅरेक्टर अडलं असेल तर आधी एवढं बघा: गेल्या तीन सेशनमध्ये त्याच्या वेगळेपणामुळं गोष्टीत एक तरी गोष्ट बदलली का? नसेल तर डीएमला खेळाबाहेर, चहाच्या वेळी, सांगा. आमच्या डीएमच्या वहीत आता प्रत्येक कॅरेक्टरच्या नावासमोर एक ओळ असते, ‘याला काय विचारायचं?’, आणि ती भरल्याशिवाय तो रविवारची तयारी झाली असं मानत नाही. माझ्या नव्या क्लेरिकसमोर या आठवड्यात लिहिलंय: ‘कुणाची जखम आधी?’