रब्बी ज्वारीचं बी भिजवा, पण सावलीत वाळवल्याशिवाय पेरू नका

उत्तरा नक्षत्र संपत आलं की मंगळवेढा, बार्शी, करमाळ्याकडं तिफणी (पेरणीची अवजारं) बाहेर निघतात. खाली ओल असते, पण वरचा थर चार उन्हांत सुकतो. कोरडं बी फुगायलाच वेळ घेतं, तेवढ्यात ओल खाली जाते. म्हणून कोरडवाहू मालदांडी किंवा फुले सुचित्रा या वाणांचं घरचं बी भिजवून घ्या.

१ लिटर पाण्यात २० ग्रॅम ०:५२:३४ हे स्फुरद-पालाशचं विद्राव्य खत विरघळवा. बी बुडेल एवढं द्रावण घेऊन ६ तास भिजवा. हे खत नसेल तर साधं पाणी घ्या. हलक्या रानात त्यानंही उगवण दिवसभर आधी दिसते, असा माझा अंदाज. दुकानदार ‘उगवणशक्ती’ची बाटली पुढं करील, ती राहू द्या.

खरी चूक पुढं होते. भिजवलेलं बी लोक घाईनं पत्र्यावर उन्हात टाकतात किंवा ओलंच पोत्यात बांधतात. उन्हात कोंब भाजतो, पोत्यात बी तापून मोड येतो आणि तो मोड चाड्यातून (तिफणीच्या बी सोडायच्या वाटीतून) पडतानाच मोडतो. मग रानात तुटाळ, म्हणजे मधेमधे मोकळ्या जागा, आणि दोष बियाण्याला! ज्यांना नांग्या भराव्या (मोकळ्या जागी पुन्हा बी लावावं) लागल्या त्यांना मी एकच विचारतो, वाळवलं कुठं होतं? उत्तर बहुतेक वेळा पत्राच असतं.

भिजवण्याआधी बी तोला. समजा ४ किलो भरलं. उपसल्यावर ओसरीत गोणपाटावर पातळ पसरा, अधूनमधून हलवा. काट्यावर पुन्हा ४ किलो भरेपर्यंत पेरायचं नाही. हाताला कोरडं लागलं म्हणजे वाळलं असं नव्हे, वजनच बघा. ढगाळ हवेत दीड दिवसही लागतो, लागू द्या.

पिशवीतलं गुलाबी बी मात्र भिजवू नका. त्याला औषध आधीच चोळलेलं असतं. ते धुऊन जाईल आणि ते पाणी कोंबड्या पितील.

वाळल्यावर, १ किलो बियाण्यास याच क्रमानं:
- काणीसाठी (कणसातल्या दाण्यांचा बुरशीजन्य रोग) ३०० मेश, म्हणजे बारीक भुकटीचं, गंधक ४ ग्रॅम
- खोडमाशीसाठी थायामेथोक्झाम ३० एफएस (बियाण्याला चोळायचं कीटकनाशक) १० मिली, हातमोजे घालून
- पेरणीच्या दिवशी गुळाच्या पाण्यात अ‍ॅझोटोबॅक्टर हे जिवाणू खत २५ ग्रॅम, पुन्हा सावलीत

पेरणी:
- १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर
- एकरी ४ किलो बी
- ४५ × १५ सेंमी

गंधक स्वस्त आहे म्हणून कुणी आवर्जून देत नाही, आणि काणी दिसते ती कणसात, तेव्हा इलाज उरलेला नसतो. उशिरा पेरणाऱ्यांनी खोडमाशीचं औषध टाळूच नये, पोंगेमर (कोवळ्या रोपाचा मधला पोंगा वाळणं) तिथंच जास्त होते. उरलेलं औषधाचं बी दळणात किंवा जनावरांच्या आंबोणात जाऊ देऊ नका. खूण करून वेगळं ठेवा.