सात वर्षांनी पुन्हा स्टेअरिंग

हिंगणघाटच्या जिनिंगातून कापसाच्या गठाणी भरून बारा वर्षं ट्रक चालवला. मग बाबांचं वावर पाहायला घरी बसलो, ते सात वर्षं. यंदा परत निघालो.

आधी लायसन काढून तारीख पाहा. मुदत संपून वर्ष उलटलं असेल तर आरटीओत पुन्हा टेस्ट द्यावी लागते. डॉक्टरचा फॉर्म १-अ लागतोच. एजंट म्हणेल, 'टेस्टचं मी पाहतो.' नका ऐकू भाऊ, तेवढाच हात बसतो.

गाडीही आता जुनी राहिली नाही. २०२० नंतरच्या बीएस-६, म्हणजे धुराच्या नव्या नियमाच्या गाड्यांना युरियाची वेगळी टाकी असते. मला वाटलं, वावरात टाकतो तोच! तो नव्हे, हा पाण्यासारखा, डब्यात मिळतो. संपला की गाडी ओढत नाही. चुकून डिझेलच्या टाकीत ओतलात तर सेल्फ मारू नका, आधी टाकी रिकामी करा.

पहिली खेप रिकामी, जुन्या ड्रायव्हरसोबत. सकाळी ब्रेकच्या हवेचा काटा वर येईस्तोवर गाडी हलवायची नाही. खरी परीक्षा तळेगावच्या सत्याग्रही घाटात. उतार लागायच्या आधीच खालचा गिअर टाका, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून गाडी हळू करणारा) लावा. मी दुसऱ्याच खेपेत ब्रेकवर पाय ठेवून बसलो. ब्रेकचे लायनर जळल्याचा वास केबिनभर. बाजूला घेतली, गाडी घरंगळू नये म्हणून चाकांना उटी लावली अन् अर्धा तास ब्रेकचा ड्रम थंड व्हायची वाट पाहिली. पाणी मारायचं नाही, तडकतो. क्लिनर पोरगा हसत होता, मी बिडी शोधत होतो.